चित्रपटाच्या आरशात सीमाभाग

चित्रपट हा समाजाचा आरसा आहे, हे विधान इतक्या व्यासपीठांवरून केले गेले आहे की आता ते ऐकताना कोणी मानही हलवीत नाही. परंतु आरशाविषयीची एक साधी गोष्ट या विधानात विसरली जाते. आरसा ज्या भिंतीवर टांगलेला असतो, तिच्यासमोर जे येते तेवढेच तो दाखवतो. दिवाणखान्यातल्या आरशात परसदार दिसत नाही. निपाणी-बेळगावच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांनी गेल्या शतकभर जो चित्रपट पाहिला, त्यात बदलत्या समाजाची कोणती बाजू दिसली आणि कोणती दिसली नाही, याचा धांडोळा घेण्याचा प्रयत्न या लेखात आम्ही करणार आहोत. हा धांडोळा घेताना शेवटी आम्हांला आमच्याच घरांकडे पाहावे लागले, हे आरंभीच सांगून टाकतो.

भूगोलापासून सुरुवात करू. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर. आपल्या वाडवडिलांना लग्नाचा बस्ता, अंबाबाईचे दर्शन आणि दवाखाना या तिन्हींसाठी तेच शहर जवळचे. मराठी चित्रपटाचा पाळणाही तिथेच हलला. बाबुराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापुरातली. तिच्यातून बाहेर पडलेल्या व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या मंडळींनी १ जून १९२९ रोजी 'प्रभात'ची स्थापना केली तीही कोल्हापुरातच. १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्याला गेली, पण तत्पूर्वी १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट याच मातीत तयार झाला होता. याहूनही मौजेची एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. कानडी भाषेतला पहिला बोलपट 'सती सुलोचना' मार्च १९३४ मध्ये बंगळुरूत प्रदर्शित झाला, पण त्याचे चित्रीकरण झाले होते कोल्हापूरच्या छत्रपती स्टुडिओत. म्हणजे या दोन्ही भाषांनी पडद्यावर बोलायला सुरुवात केली ती एकाच गावात. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि माणसे पोटासाठी, कलेसाठी आणि देवदर्शनासाठी या मुलुखात सहज ये-जा करीत होती.

त्या ये-जा करणाऱ्यांतले एक नाव शांता हुबळीकर यांचे. हुबळीजवळच्या अदरगुंची गावची, कानडी मायबोलीची ही मुलगी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या परंपरेतले गाणे शिकली आणि १९३९ च्या 'माणूस'मध्ये मैनेची भूमिका करून मराठी प्रेक्षकांच्या मनात कायमची जाऊन बसली. तिच्या आडनावातच तिचे गाव होते, तरीही महाराष्ट्राने तिला परकी मानले नाही. पु. ल. देशपांडे यांनी 'गणगोत'मध्ये ज्यांचे चित्र रेखाटले, ते बेळगावचे रावसाहेब आपल्या वाचकांना आठवत असतीलच. मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदवणारी ती वाणी इथल्या प्रत्येक थिएटरच्या दारात ऐकू येत असे. आपला सीमाभागातला प्रेक्षक हा असा आरंभापासून दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभा राहून पडदा पाहणारा प्रेक्षक आहे.

आता त्या पडद्यावर काय दिसले ते पाहू. पुराणकथांच्या लाटेत बाबुराव पेंटर यांनी १९२५ साली नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहराकडे मजुरीसाठी जातो, एवढीच त्याची गोष्ट. तरुण शांताराम त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. देवादिकांच्या चमत्कारांना सरावलेल्या डोळ्यांसमोर प्रथमच शेजारच्या गावचा कुणबी उभा राहिला. या चित्रपटाचा गौरव आपण अभिमानाने करतो. परंतु पटवर्धनी अमलात किंवा निपाणकर देसायांच्या काळात इथे येऊन स्थिरावलेल्या आपल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अजूनही गहाणखतांची दप्तरे बांधून ठेवलेली आहेत. तो चित्रपट पाहताना आपल्या आजोबा-पणजोबांनी स्वतःला नेमके कोणाच्या जागी पाहिले असेल? हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. आम्हीही तो फार उशिरा विचारला.

'प्रभात'ने तीन वर्षांच्या आगेमागे सामाजिक चित्रपटांची जी मालिका दिली, ती मराठी मनाच्या घडणीत मोलाची ठरली. १९३७ चा 'कुंकू' पुन्हा आपट्यांच्याच कादंबरीवरचा. म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. आरडाओरड न करता, घर न सोडता, त्याच घरात राहून ती नकार देत राहते. शांता आपटे यांची ती करारी मुद्रा आणि केशवराव दाते यांनी उभा केलेला, स्वतःच्या अपराधाने हळूहळू खचत जाणारा वकील, यांचा ठसा त्या पिढीवर खोल उमटला. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया उतारवयातही 'कुंकू'विषयी बोलताना आवाज खाली आणीत. पडद्यावरच्या नीरेसाठी त्या रडल्या होत्या, आणि ते रडणे थोडेसे स्वतःसाठीही होते.

याच संदर्भात आमच्या घरात सांगितली जाणारी एक गोष्ट इथे नोंदवतो. आमच्या आजींकडे संध्याकाळी भांडी घासायला एक बाई येत. दिवसभर त्या तंबाखूच्या वखारीत काम करीत. आजींनी एकदा त्यांना हौसेने 'कुंकू'ची गोष्ट सांगितली. सगळी ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "वैनी, म्हातारा असंना का, खाऊ-पिऊ घालणारा न्हवरा गावला असता, तर मी कशाला वखारीत धूळ खात बसले असते?" आजी ही गोष्ट विनोद म्हणून सांगत आणि ऐकणारे हसत. आम्हीही लहानपणी हसलो. 'कुंकू'चे मोठेपण या उत्तराने तिळमात्र कमी होत नाही. परंतु तो आरसा कोणत्या भिंतीवर टांगलेला होता, हे मात्र त्या एका वाक्याने दाखवून दिले. नकार देण्यासाठीही आधी एक छप्पर आणि दोन वेळचे जेवण लागते, आणि त्या बाईंपाशी नकार देण्याजोगे घरच नव्हते.

१९३९ च्या 'माणूस'ने हा आरसा थोडा हलवला. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतली मैना यांची ही कथा. गणपत तिला माणसांत आणू पाहतो, पण समाज आणि तिचा भूतकाळ दोन्ही तिची वाट अडवतात. शेवटी तिच्या हातून खून होतो आणि ती तुरुंगात जाते. नेमक्या याच काळात हजारो मैलांवर चीनमधल्या शांघाय शहरात काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. तिथे १९३४ साली वू योंगगांग या दिग्दर्शकाने 'देवी' अशा अर्थाच्या शीर्षकाचा मूकपट काढला. रुआन लिंगयू या अभिनेत्रीने त्यात देहविक्रय करून मुलाला शाळेत घालणारी आई साकारली. आईचा व्यवसाय कळताच शाळा मुलाला काढून टाकते. साठवलेला पैसा गुंडाने जुगारात उडवलेला पाहून तिच्या हातून त्याचा खून होतो आणि तीही तुरुंगात जाते. शांघाय आणि पुणे यांच्यात त्या वेळी चित्रपटांची काही देवाणघेवाण होती असे आमचे म्हणणे नाही. दोन्ही देशांत शहरे वाढत होती, गावे मोडत होती आणि कायदा व प्रतिष्ठा यांच्या तडाख्यात सर्वांत आधी निराधार स्त्री सापडत होती. सारख्या परिस्थितीतून सारख्या कथा आपोआप उगवल्या, इतकेच.

मराठी चित्रपटाने चीनकडे थेट पाहिले ते काही वर्षांनी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांची शुश्रूषा करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. सोलापूर हेही मराठी-कानडी-तेलुगू संगमावरचे गाव. शांतारामांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा हिंदी चित्रपट काढला आणि मुख्य भूमिका स्वतः केली. एका मराठी डॉक्टरने परक्या देशात परक्या भाषेतल्या स्त्रीशी संसार मांडला, याचे त्या चित्रपटात कौतुक होते. दूरच्या शेजाऱ्याविषयी असे औदार्य दाखवणे तुलनेने सोपे असते. जवळच्या शेजाऱ्याची परीक्षा अवघड असते.

ती परीक्षा 'प्रभात'ने १९४१ च्या 'शेजारी'त मांडली होती. जिवबा आणि मिर्झा या दोन जिवलग वृद्धांच्या मैत्रीत धरण बांधणारा कंत्राटदार फूट पाडतो, आणि शेवटी फुटलेल्या धरणाच्या पाण्यातच दोघे एकमेकांना भेटतात. केशवराव दाते हिंदू वृद्धाच्या आणि गजानन जागीरदार मुसलमान वृद्धाच्या भूमिकेत होते. देश फाळणीकडे ढकलला जात असतानाचा हा चित्रपट. पुढे ३० जानेवारी १९४८ नंतर उसळलेल्या आगीत कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. तिथे कोणी परका आलेला नव्हता. गावकऱ्यांनीच गावातली घरे आणि स्टुडिओ पेटवले होते. पडद्यावर शेजाऱ्याची कथा पाहून सात वर्षे झाली होती. त्या आगीची धग आपल्या भागातल्या अनेक घरांनीही सोसली आणि त्यातली काही कुटुंबे गाव सोडून शहरांकडे गेली, हे जुन्या वाचकांना निराळे सांगायला नको.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. 'शेजारी' या शब्दाला आपल्यापुरता एक नवा, दुखरा अर्थ आला. त्या दिवसानंतरच्या लढ्याचा, सत्याग्रहांचा आणि १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाचा इतिहास या पुस्तिकेच्या पानांत वेळोवेळी आलेला आहे. आम्हांला इथे एवढेच नोंदवायचे आहे की, त्या काळात मराठी चित्रपटाला जाणे ही आपल्या घरांत निव्वळ करमणूक राहिली नाही. बेळगावच्या चित्रा, प्रकाश, ग्लोब यांसारख्या थिएटरांत मराठी चित्रपट लागला की सहकुटुंब जायचे, हा एक कुळाचार झाला. आपली भाषा अंधारात मोठ्या आवाजात ऐकू येते, याचे समाधान चित्रपटाच्या गुणदोषांहून मोठे होते. त्यामुळे आपण चित्रपट पाहिला खूप, त्याला प्रश्न विचारले कमी. भाषा आपली होती, म्हणून आरशातला चेहराही आपलाच, असे आपण गृहीत धरले.

त्या वर्षांत पडद्यावर तमाशाची चलती होती. १९५९ चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्यात सलग दोन वर्षांहून अधिक काळ चालला. लावणी, पाटील, पाटलाचा जुलूम आणि त्याचा सूड अशी ही ग्रामीण मांडणी पुढे इतकी वापरली गेली की खरे गाव तिच्याआड झाकून गेले. सहकारी साखर कारखाने आले, पाणी आले, मतांचे राजकारण आले, तरी पडद्यावरचा पाटील फेटा सावरीत माडीच चढत राहिला. हे चित्र मोडले ते विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'सामना'ने, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे-पाटील हा कारखान्याच्या आणि संस्थांच्या बळावर उभा राहिलेला नवा सत्ताधीश होता. कोल्हापूर, सांगली आणि चिकोडीच्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या प्रेक्षकाला तो कोणी ओळखून द्यावा लागला नाही.

याच सुमारास आपल्या डाव्या हाताला दुसरा एक आरसा उभा राहत होता आणि आपण तिकडे फारसे पाहिले नाही. कानडीत यू. आर. अनंतमूर्तींच्या कादंबरीवरचा 'संस्कार' १९७० साली आला. सेन्सॉरने तो आधी अडवला आणि नंतर त्यालाच राष्ट्रीय पातळीवरचे सुवर्णपदक मिळाले. १९७५ च्या 'चोमन दुडी'त शिवराम कारंतांचा भूमिहीन चोमा आयुष्यभर स्वतःच्या जमिनीची आस धरून ढोलके बडवीत राहिला. १९७७ च्या 'घटश्राद्ध'मध्ये गिरीश कासरवळ्ळी यांनी एका तरुण विधवेला जिवंतपणीच मृत ठरवणाऱ्या समाजाकडे लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहिले. 'कुंकू'नंतर चाळीस वर्षांनी आलेला हा चित्रपट नीरेची दुसरी बाजू दाखवत होता. हे चित्रपट धारवाड-बेळगावच्या वर्तुळात चर्चिले जात होते. भाषेच्या वादात मन आंबलेले असल्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहण्याचे टाळले. आता मागे वळून पाहता हे आपले नुकसान झाले, असे आम्हांला प्रांजळपणे वाटते. लहानपणापासून मराठी नाटक आणि वाङ्मय जाणणारे गिरीश कार्नाड मात्र दोन्ही अंगणांत मोकळेपणाने वावरले. 'वंशवृक्ष'च्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता, आणि १९८२ च्या जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'त ते स्मिता पाटील यांच्यासमोर पतीच्या भूमिकेत उभे होते.

१९८२ या वर्षापाशी आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण या लेखाचा गाभा त्या वर्षात आहे. त्या वर्षी स्त्रीने उंबरठा ओलांडण्याविषयी मराठीत दोन चित्रपट झाले. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरच्या 'उंबरठा'ची सुलभा महाजन सुखवस्तू घर सोडून स्त्रियांच्या आश्रमाची अधीक्षक होते. हा चित्रपट आपण सर्वांनी पाहिला. त्यावर परिसंवाद झाले, लेख आले. दुसरा चित्रपट निपाणीतच चित्रित झाला होता, निपाणीच्या बायकांविषयी होता, त्यांच्याच बोलीत होता. त्याचे नाव 'तंबाखू चाकीला ऊब आली'. आपल्या जुन्या घरांतल्या किती जणांनी तो पाहिला? आम्ही ज्यांना ज्यांना विचारले, त्यांच्यातले एकही नाव पुढे आले नाही, आणि आम्ही स्वतःही तो त्या वेळी पाहिलेला नव्हता.

हा लघुपट 'युगांतर' या चमूचा. आभा भैया, दीपा धनराज, नवरोज कॉन्ट्रॅक्टर आणि मीरा राव यांनी १९८० मध्ये बंगळुरूत ही संस्था काढली. १९८१ मध्ये त्यांनी पुण्याच्या घरकामगार स्त्रियांवर 'मोलकरीण' केला आणि मग ते निपाणीला आले. चार महिने ते इथे राहिले, बायकांशी बोलत राहिले आणि मगच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तंबाखूच्या कारखान्यांच्या भिंतींआड त्याआधी कॅमेरा गेला नव्हता. तोंडाला पदर किंवा फडके गुंडाळून, धुळीच्या ढगात तंबाखू चाळणाऱ्या, कुटणाऱ्या, पोती उचलणाऱ्या बायका त्यात दिसतात. कामाचे तास, तुटपुंजी मजुरी, मुकादमांची अरेरावी आणि त्यांची नजर यांविषयी त्या स्वतः बोलतात. कोणी त्यांच्या वतीने बोलत नाही. संप कसा उभा राहिला, सभा कशा भरल्या, पहिल्यांदा घोषणा देताना काय वाटले, हे त्या सांगतात आणि काही प्रसंग स्वतःच पुन्हा उभे करून दाखवतात. सुमारे पंचवीस मिनिटांचा हा कृष्णधवल लघुपट आहे. शीर्षकातली ऊब रचून ठेवलेल्या तंबाखूतली आहे. थर दाबून ठेवले की आतल्या आत ती धरत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ढीग थंडच वाटतो. हात आत घातला म्हणजे समजते.

ही ऊब एका दिवसात धरलेली नव्हती. चिकोडी तालुका कामगार महासंघाच्या झेंड्याखाली तंबाखू आणि विडी उद्योगातल्या स्त्रिया संघटित होत होत्या. असंघटित स्त्री-कामगारांच्या देशातल्या मोठ्या चळवळींत तिची गणना झाली, आणि छाया दातार यांनी या स्त्रियांवर केलेला अभ्यास १९८९ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. याच काळात शेतकरीही उठला होता. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग शेतकऱ्यांनी अडवला, आणि एप्रिलच्या आरंभी झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारी माणसे त्या रस्त्यावर एकत्र बसली होती. सीमेच्या प्रश्नावर ज्यांचे पटत नव्हते, त्यांचे भावाच्या प्रश्नावर पटले होते.

आता त्या वखारी कोणाच्या होत्या, हा प्रश्न टाळता येणार नाही. व्यापारी अनेक समाजांचे आणि अनेक भाषांचे होते. परंतु आपल्यापैकी काही जुन्या घरांचाही त्या पेठेशी व्यवहार होता. कोणाची जागा भाड्याने दिलेली, कोणाची दलाली, कोणाची भागीदारी, कोणाचे हिशेब लिहिणारे आजोबा. संपाच्या दिवसांत आपल्या माजघरांत 'बायका फार माजल्या आहेत' असे उद्गार निघाले, हे आमच्या कानांनी ऐकलेले आहे. त्याच माजघरात दोन महिन्यांनी 'उंबरठा' पाहून आलेल्या मंडळींनी सुलभेच्या धैर्याचे कौतुक केले. आम्ही हे कोणावर दोष ठेवण्यासाठी लिहीत नाही. हाच दुभंग आमच्या मनातही होता, आणि तो ओळखायला आम्हांला चाळीस वर्षे लागली. भांडी घासणाऱ्या त्या बाईंचे वाक्य विनोद म्हणून सांगणाऱ्या घरातलेच आम्ही.

चीनचा विचार इथे पुन्हा उपयोगी पडतो. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तिथल्या पडद्यावर शेतकरी आणि कामकरी सतत दिसत. पण ते गुलाबी गालांचे, मुठी आवळलेले, घडवून आणलेले वीर होते. बीजिंगच्या चित्रपट अकादमीतून १९८२ मध्येच बाहेर पडलेल्या तरुणांनी ते चित्र बदलले. चेन काइगे यांचा १९८४ चा 'पिवळी माती' उजाड डोंगराळ मुलुखात गेला आणि तिथल्या गरिबीसमोर, लग्नात देऊन टाकल्या जाणाऱ्या मुलीसमोर निमूटपणे थांबला. क्रांतीचा सैनिक तिला वाचवू शकत नाही, हे त्याने लपवले नाही. झांग यिमौ यांच्या १९९२ च्या 'छियू जू'ची गरोदर शेतकरीण गावच्या मुखियाने नवऱ्याला लाथ मारली म्हणून माफी मागते आणि त्यासाठी एकेका कचेरीची पायरी झिजवते. त्यातली कित्येक माणसे व्यावसायिक नट नव्हती, आणि रस्त्यांवरचे प्रसंग लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपले होते. २००६ मध्ये ज्या जांगके यांनी तीन घळींच्या धरणात बुडणाऱ्या फेंगज्ये शहरात, पाडकाम करणाऱ्या मजुरांमध्ये जाऊन चित्रपट केला आणि व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला. एखाद्या समाजाचे परिवर्तन त्याच्या चित्रपटात केव्हा दिसू लागते, याचे उत्तर या उदाहरणांत आहे. कॅमेरा जेव्हा ठरलेली भिंत सोडून परसदारी जातो आणि तिथल्या माणसाला बोलू देतो, तेव्हा. सत्ता कोणतीही असो, ती भिंत ठरवते. आपल्याकडे ती भिंत कोणा सत्तेने ठरवलेली नव्हती. ती आपल्या आवडीनिवडीनेच ठरत गेली.

पुढच्या काळात मराठी चित्रपटाने परसदाराकडे पाहिले नाही असे नाही. २००९ चा राजीव पाटील यांचा 'जोगवा' आपल्याच मातीतला. गडहिंग्लजच्या बाजूचे राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांवर तो बेतला होता. यल्लम्माचे देऊळ सौंदत्तीला, बेळगाव जिल्ह्यात. तिच्या नावाने सोडलेली मुले-मुली मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना. देवीने नकाशा पाहिला नव्हता आणि तिच्या नावाने चाललेल्या अन्यायानेही नाही. कर्नाटकाने देवदासी समर्पणावर बंदीचा कायदा केला तोही १९८२ सालीच. त्यानंतर पाव शतकाने पडद्यावर जोगतीण आणि जोगत्या यांना माणूस म्हणून चेहरा मिळाला. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने आणि २०१६ च्या 'सैराट'ने जातीची भिंत आपल्या डोळ्यांसमोर आणून उभी केली. 'सैराट' पुढच्याच वर्षी 'मनसु मल्लिगे' नावाने कानडीत आला, आणि नायिका तीच, रिंकू राजगुरू. कोल्हापुरात कानडी बोलपट जन्मल्यानंतर त्र्याऐंशी वर्षांनी मराठीतली एक कथा कानडी घरांत गेली आणि तिथल्याही आईबापांना अस्वस्थ करून आली.

हे सर्व पाहिल्यावर एक निष्कर्ष आम्ही मांडू इच्छितो. आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसाने भाषेच्या प्रश्नावर स्वतःला नेहमी दुर्लक्षित मानले, आणि त्यात तथ्य आहे. पण दुर्लक्षिताचे दुःख ज्याला कळते, त्याने आपल्याच उंबऱ्याशी दुर्लक्षित राहिलेल्यांना ओळखायला हवे होते. वखारीतल्या त्या बायका मराठीच बोलत होत्या. 'आपली भाषा' म्हणून ज्या भाषेसाठी आपण सभा भरवल्या, तिच्यातच त्या घोषणा देत होत्या. तरीही त्यांचे बोलणे आपण मराठी वाङ्मयाच्या किंवा मराठी चित्रपटाच्या इतिहासात धरले नाही. बंगळुरूहून आलेल्या चार जणांनी ते धरले. बर्लिनच्या 'आर्सेनाल' या चित्रपटसंस्थेने अलीकडे 'युगांतर'चे लघुपट डिजिटल रूपात जतन केले, त्यामुळे निपाणीच्या बायकांचे ते बोलणे आज जगात कुठेही ऐकता येते. ते ज्या गावात बोलले गेले, तिथे मात्र ते अजून नीट ऐकले गेलेले नाही.

म्हणून लेखाच्या शेवटी आम्ही आपल्या मंडळापुढे एक सूचना ठेवतो. दरवर्षी आपण एखाद्या जुन्या मराठी चित्रपटाचा खेळ ठेवतो, 'कुंकू', 'शेजारी' यांची उजळणी करतो. यंदा 'तंबाखू चाकीला ऊब आली'चा खेळ निपाणीत ठेवावा. त्या संपातल्या ज्या बायका आज हयात आहेत, त्यांना आणि त्यांच्या लेकी-सुनांना पुढच्या रांगेत बसवावे. भाषण कोणाचे ठेवू नये. खेळ संपल्यावर त्यांना बोलायचे असेल तर त्यांनी बोलावे, आणि आपण जुन्या घरांतल्या मंडळींनी मागे बसून ऐकावे. आमच्या आजींकडे येणाऱ्या बाई आता नाहीत. त्यांच्या नातवंडांचा ठावठिकाणा शोधण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे.